बेस ऐकू येत नाही, काका

गणपती जवळ आले की माझ्याकडच्या पत्रांचा रंग बदलतो. एरवी बोटं कशी ठेवायची, तारा कुठल्या घ्यायच्या असं विचारणारे वाचक एकदम अँप आणि कॅबिनेटवर (म्हणजे स्पीकरची पेटी, बोलताना नुसतं कॅब) येतात, कारण गणपतीपासून डिसेंबर-जानेवारीच्या लग्नांपर्यंत कार्यक्रमांचीच रांग असते. मी स्वतः १९८६ पासून वसईतल्या लग्नांच्या बँडमध्ये बेस (खर्जाची गिटार) वाजवला, पुढे मुंबईत हॉटेलांमध्ये वाजवला, आणि आता साऊंडची कामं करतो. त्यामुळे या विषयावर लिहायला बसलो की हात आखडत नाही. दोन शब्द आधीच सांगतो: अँप आणि स्पीकर एकाच पेटीत असले की तो कॉम्बो, आणि स्पीकरशिवायचा नुसता अँप म्हणजे हेड. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे. तशी पत्रं बऱ्याच जणांची आहेत, त्यांनी ते उत्तर आपलंच समजावं.

मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या बँडमध्ये दोन गिटार, ड्रम्स आणि मी बेसवर. माझा ४० वॅटचा कॉम्बो आहे, स्पीकर दहा इंची. घरी दणदणीत वाजतो, पण प्रॅक्टिस रूममध्ये मी वाजवतोय हे मलाच कळत नाही. दुकानदार म्हणतो ५०० वॅटचं हेड घे. मित्र म्हणतो, खर्ज हवा तर पंधरा इंची स्पीकरच पाहिजे. बजेट चाळीस हजार. काका, काय घेऊ?

आधी पैसे खिशात ठेव आणि पुढच्या प्रॅक्टिसला हाच कॉम्बो एका भक्कम खुर्चीवर ठेवून थोडा मागे कलता कर. स्पीकरचं तोंड तुझ्या कानाकडे आलं पाहिजे. आत्ता तो जमिनीवर आहे आणि तू त्याच्यापासून चार फुटांवर उभा आहेस, म्हणजे तो तुझ्या गुडघ्यांना वाजवून दाखवतोय. खर्ज सगळीकडे पसरतो, पण बोट तारेवर पडल्याचा आवाज, सुराची धार, हे सगळं स्पीकरच्या कोनच्या (आतल्या शंकूच्या) समोर सरळ रेषेत जातं. ते कानापर्यंत आलं नाही की नुसती घुमघुम उरते.

मग बटणं बघ. मी पैजेवर सांगतो, बेस (खालचे सूर) चढवलेला असेल, ट्रेबल (वरचे) चढवलेला असेल आणि मिड (मधले) उतरवलेला असेल. एकट्याने घरी वाजवताना तो आवाज फार गोड लागतो. बँडमध्ये मात्र तोच पहिला बुडतो. खाली ड्रमचा किक बसलेला असतो, वर झांजा आणि दोन गिटार. तुला मोकळी जागा उरते ती साधारण २०० ते ८०० हर्ट्झमध्ये, आणि तीच तू स्वतःच्या हाताने बंद केलेली असतेस. बेसचं बटण मधोमध आण, मिड चढव. एकट्याला ऐकताना हा आवाज नाकातला वाटेल. ड्रमर सुरू झाला की तोच भरदार लागेल.

यामागचं कारण समजून घे, पुढे जन्मभर उपयोगी पडेल. तुझी मोकळी जाड ई तार ४१ हर्ट्झला वाजते. छोट्या कॉम्बोतून ते ४१ जवळपास येतच नाहीत. तरी तुला ई ऐकू येतो, कारण ८२, १२३ असे त्याचे वरचे स्वरांश येतात आणि त्यांवरून कान खालचा स्वर जुळवून घेतो. म्हणजे बेस 'ऐकू' येतो तो बराचसा मिडमधून. उलट बेसचं बटण ३ डेसिबल चढवलंस तर त्या पट्ट्यात अँपला दुप्पट ताकद लागते आणि ६ चढवलंस तर चौपट. तुझे ४० वॅट तिथेच संपतात.

एवढं करूनही ड्रमर जोरात वाजवणारा असेल तर ४० वॅट अपुरे पडतील, हे खरंच आहे. तेव्हा नवीन घ्यायला निघालास की वॅटच्या आकड्याला भुलू नकोस. १०० चे २०० वॅट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात, म्हणजे 'हो, थोडा वाढला' एवढंच. आवाज कानाला दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. आता स्पीकरची बाजू बघ. कॅबच्या कागदावर एक वॅटला एक मीटरवर किती डेसिबल ते लिहिलेलं असतं. एक कॅब ९७ चा आणि दुसरा १०० चा असेल, तर दुसऱ्यावर २५० वॅटचं हेड पहिल्यावरच्या ५०० वॅटच्या हेडइतकं वाजेल. दुकानदार हा आकडा आपणहून सांगत नाही. तू विचार. स्पीकर आधी ठरव, वॅट किती ते नंतर बघू.

पंधरा इंचीच्या गोष्टीवर मीही खूप वर्षं विश्वास ठेवला. १९८८ साली लॅमिंग्टन रोडवरून पंधरा इंची स्पीकर आणला आणि आमच्या आळीतल्या सुताराकडून प्लायवुडची पेटी करून घेतली. पुढे भोक पाडलं, कारण बाहेरच्या कॅबिनेटांना असतं. पेटीचं माप काय, भोक किती रुंद, किती खोल, याचा हिशेब कुणालाच माहीत नव्हता. ए तारेवरचे दोन स्वर हॉल हलवायचे आणि बाकीचे कुठे जायचे कळत नसे. त्या पेटीवर मी चार वर्षं वाजवलं आणि ती चार वर्षं मला माझं वाजवणंच बेसूर वाटायचं. नंतर कळलं की ऑस्ट्रेलियात नेव्हिल थीलने १९६१ मध्ये आणि पाठोपाठ रिचर्ड स्मॉलने १९७० च्या दशकात हा हिशेब मांडून ठेवला होता: कोनचा ताण, चुंबकाची पकड आणि पेटीतली हवा मिळून किती खाली जाता येईल ते ठरतं. व्यास हा त्यातला एक भाग. चांगल्या पेटीतले दोन दहा इंची स्पीकर वाईट पेटीतल्या पंधरा इंचीपेक्षा खाली जाऊ शकतात. आणि हॉफमनचा नियमही लक्षात असू दे: खोल खर्ज, मोठा आवाज आणि छोटी पेटी या तिन्हींपैकी दोनच मिळतात. तिन्ही देतो म्हणणाऱ्याचं ऐकू नकोस.

तुझ्यासाठी माझं मत असं. बारा इंची एक किंवा दहा इंची दोन स्पीकर असलेला, दोनशे-तीनशे वॅटचा कॉम्बो घे, आणि त्याला मागे बाहेरचा कॅब जोडायची सोय हवीच. आज प्रॅक्टिस भागेल, उद्या मोठं काम आलं की नवा कॅब जोडशील. पाठीमागचा मजकूर मात्र नीट वाच. फेंडरच्या रम्बल ५०० चं उदाहरण घे: चांगला आणि हलका कॉम्बो आहे, पण आतल्या स्पीकरवर तो ३५० वॅटच देतो, पूर्ण ५०० मिळतात ते बाहेर दुसरा कॅब लावल्यावर. हे त्यांनी स्वतःच छापलेलं आहे. असंच बहुतेक सगळ्यांचं असतं. तुझ्या बजेटमध्ये नवा बसला नाही तर जुना बघ. जुना घेताना ई तार हळू वाजवून कोनवर कान ठेव. खरखर आली तर कॉइल घासतेय, सोडून दे. आणि दुकानात एकट्याने वाजवून ठरवू नकोस. दुकानाने परवानगी दिली तर एका गिटारवाल्याला बरोबर ने, आणि तो वाजवत असताना तू ऐकू येतोस का ते बघ.

एक शेवटचं. दोन्ही गिटारवाल्यांशी बोल. त्यांनी बेसचं बटण थोडं उतरवलं तर तुझे काही हजार वाचतील.

सर, मी नाशिकमध्ये ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. माझ्या हेडवर 'किमान ४ ओहम' लिहिलंय. ८ ओहमचा ४×१० (दहा इंची चार स्पीकरांचा) कॅब आहे. आता स्वस्तात १×१५ मिळाला, तो ४ ओहमचा आहे. दोन्ही एकदम लावू का? लॉन्सवरच्या कार्यक्रमांत आवाज कमी पडतो.

नका लावू. कृपा करून नका लावू.

ओहम म्हणजे करंटला होणारा अडथळा. दोन कॅब समांतर जोडले की करंटला दोन वाटा मिळतात आणि अडथळा घटतो. ८ आणि ८ चे ४ होतात. ८ आणि ४ चे होतात २.६७. तुमचं हेड चारपर्यंतच सोसतं. त्याखाली गेलं की ते जास्त करंट ओढतं, तापतं, आणि नशीब चांगलं असेल तर स्वतःहून बंद पडतं.

१९९४ च्या डिसेंबरात वसईतल्या एका लग्नात मी नेमकं हेच केलं. माझा एक ८ ओहमचा कॅब होता, हॉलवर तसलेच आणखी दोन बॉक्स पडलेले दिसले. तिन्ही जोडले. तीन आठांचेही २.६७ च होतात, पण हा हिशेब तेव्हा मला येत नव्हता. चाळीस मिनिटं इतका सुंदर वाजला की मी खुश होतो. नवरा-नवरी हॉलमध्ये यायच्या वेळेला जळका वास आला आणि अँप गेला. त्या मुलीची एन्ट्री बेसशिवाय झाली. मी धावत जाऊन कीबोर्डवाल्याच्या अँपमध्ये पिन खुपसली, पण तो क्षण गेला होता, आणि आजही कुठल्या लग्नात दारं उघडली की मला तो वास आठवतो.

तुमच्या जोडीत आणखी एक अडचण आहे. हेड सोसणारं असतं तरी ४ ओहमचा कॅब दोन तृतीयांश ताकद घेऊन गेला असता आणि ८ ओहमचा एक तृतीयांश. ती एक तृतीयांश चार स्पीकरांत वाटली जाणार. हिशेब केलात तर पंधरा इंचीला प्रत्येक दहा इंचीच्या आठपट ताकद मिळते. तो एकटा मरतोय आणि बाकीचे चौघे आरामात आहेत, असा प्रकार.

मी तुमच्या जागी असतो तर तो पंधरा इंची विकून किंवा बदलून तुमच्या ४×१० चाच जुळा भाऊ, ८ ओहमचा, शोधला असता. घेण्याआधी पिन काढून मल्टिमीटरने मोजा. ८ ओहमचा कॅब मीटरवर सहाच्या आसपास दाखवतो आणि ४ चा साधारण तीन-साडेतीन. मागचं स्टिकर खोटं असू शकतं, स्पीकर कधीतरी बदललेला असू शकतो. आणि हेडपासून कॅबपर्यंत गिटारची वायर वापरू नका. तिच्या आतली तार केसासारखी असते, एवढा करंट नेताना ती तापते. स्पीकरची जाड वायर घ्या, शक्यतो फिरवून लॉक होणाऱ्या स्पीकॉन पिनची.

लॉन्सबद्दल सांगतो. तिथे मागे भिंत नाही, वर छत नाही, खर्ज मोकळ्या हवेत निघून जातो. कितीही कॅब रचलेत तरी शेवटच्या खुर्चीपर्यंत बेस पोचवणं हे स्टेजवरच्या अँपचं काम नाही. ते साऊंडवाल्याच्या सबचं (खर्जाच्या मोठ्या स्पीकरांचं) काम आहे. हेडच्या डीआयमधून (थेट मिक्सरकडे जाणाऱ्या आउटपुटमधून) त्याला लाइन द्या.

फोंड्याहून लिहीत आहे. पाच तारांचा बेस घेतल्यापासून खालच्या बी तारेला माझा २×१० कॅब फडफडतो. शिवाय साऊंडवाला म्हणतो, डीआय दे, अँप आणूच नकोस. मला अँपशिवाय वाजवताच येत नाही. काय करावं?

दोघांचं थोडं थोडं बरोबर आहे.

बी तार ३१ हर्ट्झला वाजते. भोक असलेला कॅब एका ठरावीक कंपनसंख्येपर्यंत कोनला हवेचा आधार देतो, आणि ती बहुतेक कॅबमध्ये चाळीस-पन्नासच्या आसपास असते. त्याखाली तो आधार सुटतो. कोन नुसता पुढे-मागे हेलकावे खातो, आवाज येत नाही, फडफड येते. अँपवर हाय-पास फिल्टर असेल तर तो ३५-४० वर ठेवा, नसेल तर छोट्या पेडलच्या रूपात मिळतो. पाच तारावाल्याने सगळ्यात आधी तोच घ्यावा असं मी म्हणेन. ऐकताना काही गेलंय असं वाटणार नाही, कॅब मात्र एकदम निवांत होईल. त्याआधी जाळी, हँडल आणि स्पीकरचे स्क्रू आवळून बघा. तुमच्याकडच्या खाऱ्या हवेत ते गंजून ढिले होतात, आणि अनेकदा फडफड तिथलीच असते.

आता साऊंडवाला. लोकांना जो बेस ऐकू येतो तो पीएमधूनच (प्रेक्षकांसाठी लावलेल्या मोठ्या स्पीकरांतूनच) जातो, म्हणून तो डीआय मागतो. अँपवर 'प्री' आणि 'पोस्ट' असं बटण असेल तर 'प्री'वर ठेवा. मग तुम्ही स्टेजवर मिड कितीही चढवा, त्याच्याकडे जाणारा आवाज बदलत नाही. पण मॉनिटरमधून (स्टेजवर वाजवणाऱ्यांसाठी ठेवलेल्या स्पीकरमधून) येणारा बेस आणि पाठीमागून, पँटला लागणारा बेस यांत फरक आहे, आणि तुम्हाला तो हवासा वाटतो यात काही चूक नाही. छोटा अँप आणा, स्वतःच्या कानापुरता वाजवा, असं त्याला सांगा. बहुतेक जण ऐकतात.

जागा मात्र विचारपूर्वक निवडा. पोकळ लाकडी स्टेजवर कॅब थेट ठेवलात तर सगळं स्टेज ढोल होतं. खाली जाड रबर किंवा फोम टाका, नाहीतर भक्कम क्रेटवर चढवा. मागची भिंत साधारण दोन मीटरवर असेल तर तिथून परतलेला ई समोरच्या ई ला उलटा भेटतो आणि दोघं एकमेकांना खातात, कारण त्या स्वराची लहर सुमारे सव्वाआठ मीटर लांब असते आणि दोन मीटर म्हणजे तिचा पाव भाग. भिंतीजवळ सरका. खर्ज वाढेल, मग बेसचं बटण तेवढं उतरवा.

डीआय जोडल्यावर घुर्रर्र आली तर 'ग्राउंड लिफ्ट' दाबा. विजेचा हम ५० हर्ट्झचा आणि तुमच्या ई तारेवरच्या तिसऱ्या पट्टीचा जी ४९ चा, म्हणून तो जी वर जास्त खुपतो. पण हम घालवण्यासाठी अर्थिंगची तिसरी पिन कधीही काढू नका, दुसऱ्याला काढू देऊ नका. जनरेटरवरच्या कार्यक्रमात बेसच्या तारांवर हात आणि माइकला ओठ लागून झटका बसलेला गायक मी डोळ्यांसमोर पडताना बघितलाय. तो वाचला. तेव्हापासून मी टेस्टर खिशात ठेवतो आणि माइक लावण्याआधी तपासतो.

न्यू जर्सीत सोळा वर्षं राहून आम्ही कायमचे पुण्याला परत येत आहोत. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत वाजवलेलं माझं हेड आणि ४×१० कॅब आणू का? १२० व्होल्टचं काय?

कॅबला व्होल्टेजशी काहीही देणंघेणं नाही, तो कुठेही चालतो. त्याचा प्रश्न फक्त वजनाचा आणि कंटेनरमधल्या जागेचा आहे.

हेडची पाठ बघा. '१००–२४०' असं लिहिलं असेल तर नुसती इथली वायर लावा, काम झालं. आजची बरीच हलकी क्लास डी हेडं अशी असतात, पण सगळी नसतात, म्हणून आठवणीवर जाऊ नका, वाचा. मागे ११५/२३० चा स्विच असेल तर तो २३० वर करूनच पिन लावा आणि पुस्तिकेत २३० साठी वेगळा फ्यूज सांगितलाय का ते बघा, तो साधारण निम्म्या अँपिअरचा असतो. फक्त '१२० व्होल्ट' असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, मागे लिहिलेल्या वॅटच्या दुप्पट क्षमतेचा घ्या, म्हणजे जोरात वाजवताना तो दमणार नाही. '६० हर्ट्झ' एवढंच लिहिलं असेल तर इथल्या ५० वर आतला ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. तसलं हेड मी तिथेच विकून आलो असतो. ट्रान्सफॉर्मर बरोबर वागवत कार्यक्रमाला जाणं दोन महिन्यांत नकोसं होतं, आणि एक दिवस घाईत कुणीतरी पिन सरळ भिंतीत लावतो.

सोलापूरहून: खरा आवाज ट्यूबचाच, हे बरोबर ना?

सुंदर आवाज ट्यूबचा (जुन्या काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या अँपचा), हे मीही म्हणेन. अँपेगचा १९६० चा बी-१५ पंचवीस-तीस वॅटचा, पंधरा इंची एकच स्पीकर, आणि स्टुडिओत त्याच्यासारखा गोल आवाज अजून मिळालेला नाही असं माझं मत आहे. त्याच कंपनीचा १९६९ चा एसव्हीटी ३०० वॅटचा, आत १४ ट्यूब, हेडच ४० किलोच्या आसपास. पण तो तसा का बनला ते बघा. त्या काळी पीएमधून मुख्यतः गाणाऱ्याचाच आवाज जायचा, बेसवाल्याला अख्खं मैदान स्टेजवरूनच भरावं लागायचं. ती गरज आता राहिलेली नाही. तुमच्याकडे टेम्पो असेल, उचलायला दोघं असतील आणि ट्यूब बदलून देणारा माणूस जवळ असेल तर जरूर घ्या. फक्त कॅबची पिन लावल्याशिवाय ट्यूबचा अँप चालू करून वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाईल.

मी कोल्हापूरची. माझी सोळा वर्षांची मुलगी बेस शिकते. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, खाली आजी-आजोबा राहतात. तिला पहिला अँप कोणता घ्यावा?

ताई, तिला एका हाताने दोन जिने उतरवता येईल असाच घ्या. एका हातात अँप, पाठीवर बेस. दहा किलोपर्यंत ठीक, त्याहून जड नको. जो अँप उचलायला बाबांची वाट बघावी लागते तो घरातच राहतो, आणि मग मुलगीही घरातच वाजवत राहते. आठ किंवा दहा इंची स्पीकर, पंचवीस ते चाळीस वॅट. हेडफोनची जागा आणि मोबाइलवरचं गाणं आत घेण्याची सोय या दोन गोष्टी मात्र बघूनच घ्या, कारण गाण्याबरोबर वाजवल्यानेच हात बसतो. रात्री हेडफोन. दिवसा वाजवताना अँप फरशीवर न ठेवता स्टुलावर ठेवा आणि स्टुलाखाली जुनी चटई दुमडून घाला, खालच्या आजी-आजोबांना निम्मा त्रास फरशीतूनच होतो. आणि एकदा तिला त्यांच्याकडे पाठवा, कुठल्या वेळेला झोपतात ते विचारून यायला.